फ्रिजमधला ‘डी’



मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान कुम्हारी हे स्थानक लागते. त्याचे नाव देवनागरीत वाचताना कोणी अडखळत नाही. रोमन अक्षरांवरून मात्र नवखा प्रवासी ‘कुमहारी’ असेही वाचील. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. अशा घरातील मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर हिंदी-छत्तीसगढी बोलते आणि इंग्रजीच्या वहीत तांबड्या शाईला सामोरे जाते.

त्या शाईचे एक ठरलेले ठिकाण म्हणजे ‘फ्रिज’. रेफ्रिजरेटर या लांबलचक शब्दात ‘डी’ कोठेही नाही. त्याच्या तुकड्यात मात्र तो अवतरतो. मूल ‘डी’ गाळते आणि गुण गमावते. वास्तविक त्याने तर्कच चालवलेला असतो! मूळ शब्दात ‘जी’पुढे ‘ई’ असल्यामुळे ‘ज’ उमटतो. शब्द ‘जी’पाशीच तोडला, तर बिग, पिग यांच्या चालीवर ‘फ्रिग’ होईल. पुढे नुसता ‘ई’ ठेवला, तर साइड, राइड यांच्याप्रमाणे स्वर पालटून ‘फ्राइज’ होईल. म्हणून ‘ब्रिज’च्या लेखनातील डी-जी-ई हे त्रिकूट उसने आणावे लागले. तो ‘डी’ स्वतः बोलत नाही. आधीचा स्वर ऱ्हस्व राहावा म्हणून पहाऱ्यावर बसलेला असतो.

‘बाइक’मध्ये ‘के’ येतो, बायसिकलमध्ये तो नाही. मायक्रोफोनचा ‘माइक’ही आधी ‘के’ने लिहिला गेला, ‘सी’चे लेखन नंतर रूढ झाले, आणि आज दोन्ही चालतात.

एवढी काळजी घेणारी भाषा ‘व्हेज’पाशी मात्र खुशाल बेफिकीर होते. व्हेजिटेबलची पहिली तीन अक्षरे तोडली आणि तशीच ठेवली. नियमाने वाचायचे, तर लेगप्रमाणे ‘व्हेग’ म्हणावे लागेल. ढाब्यावरील ग्राहक तसे म्हणत नाही, कारण त्याने तो शब्द आधी ऐकलेला असतो, वाचलेला नंतर. ‘नंबर’च्या संक्षेपात तर मूळ शब्दात नसलेला ‘ओ’ दिसतो. तो लॅटिनमधील ‘न्युमेरो’चा आहे. वर्गात हे कोणी सांगितले, तर ‘इंग्रजी कच्चे’ हा शिक्का इतक्या सहज बसणार नाही.

देवनागरीत ‘फ्रिज’ला पहारेकरी लागत नाही, याचा अभिमान जरूर असावा, पण बेताने. मराठीतही ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ निरनिराळे आहेत आणि लिहिताना दोन्ही एकच. हिंदीत तर ‘चमचा’तील हा उच्चारच नाही. कुम्हारीतल्या मराठी मुलाला तो पुस्तकातून कळत नाही आणि रस्त्यावरही ऐकू येत नाही. ताटावर बसल्यावर “चमचा घे रे” म्हणणाऱ्या आजीकडूनच तो त्याच्या कानी पडतो.