शौचालयाआधी जमिनीची परीक्षा
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



कळस चढला. आता यात्रेकरूंसाठी शौचालय बांधावयाचे आहे. आपली नांदेड-लातूरकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते; ओतलेले पाणी घटकेत जिरते. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि पाणी सोडीत नाही. म्हणून शोषखड्ड्याच्या खोलीइतका चाचणीचा खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भिजवा. सकाळी ६ इंच पाणी ठेवून घड्याळ पाहा. १ इंच पाणी उतरण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला, तर तेथे शोषखड्डा नको. मुरमाची जागा शोधा, तीही विहिरीपासून निदान ६० फूट दूर. देवाचे तीर्थ आपण त्याच विहिरीच्या पाण्याचे घेतो, एवढे ध्यानी असू द्यावे.