‘अकस्मात’ मृत्यूंचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सार्वजनिक आरोग्य या विषयावर मी बोलावे, असे आपण सुचविलेत. या विषयावर बोलायचे म्हणजे हिवताप, क्षय, कुपोषण यांविषयी बोलायचे, अशी आपली समजूत असते आणि ती गैर नाही. परंतु ज्या मरणाविषयी मी आज बोलणार आहे त्याला जंतू नाही, साथ नाही. सकाळी धडधाकट बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी घरी येत नाही, एवढेच त्याचे लक्षण. विहिरीत बुडालेला, विजेचा धक्का बसलेला, सर्पदंश झालेला, परांचीवरून कोसळलेला, स्टोव्हच्या भडक्यात होरपळलेला, अशा सर्वांची नोंद आपल्या पोलीस ठाण्यांत एका ठरावीक मथळ्याखाली होते : ‘अकस्मात मृत्यू’. माझे आजचे सारे म्हणणे या एका शब्दाविषयी आहे. हे मृत्यू खरोखर अकस्मात असतात काय?

प्रथम आकडे पाहू. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रातील रस्त्यांवर १५,२२४ माणसे अपघातांत मरण पावली. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू यांच्या खालोखाल हा देशातील तिसरा आकडा. त्याच वर्षी राज्यात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली. ही संख्या देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होती. इजेने येणाऱ्या मरणाचे मोजमाप करताना वैद्यकशास्त्र अपघात, आत्मघात आणि हिंसा हे तिन्ही एकत्र धरते. त्या हिशेबाने केवळ या दोन कारणांनीच महाराष्ट्रात दररोज शंभरांहून अधिक माणसे जातात. त्यांच्यामागे पाण्यात बुडून, उंचावरून पडून, भाजून, विषबाधेने आणि सर्पदंशाने मरणारे येतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे गमावली. त्यांतील बहुसंख्य रूळ ओलांडताना किंवा डब्याच्या दारातून पडून गेली. एखाद्या गावात पटकीने एका दिवशी शंभर माणसे मेली असती तर मंत्रिमंडळाची तातडीची बैठक भरली असती. ही शंभर माणसे मात्र राज्यभर विखरून मरतात, म्हणून त्यांची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आटोपते.

आता या हिशेबातील एक मर्म आपल्या ध्यानात आणून देतो. मृत्यूंची यादी आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची यादी या दोन याद्या एकसारख्या नसतात. पाण्यात बुडणारा माणूस बहुधा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. त्याचे नाव थेट पहिल्या यादीत जाते. उलट, पडून हाड मोडलेले लोक दुसऱ्या यादीत मोठ्या संख्येने असतात, पण पहिल्या यादीत त्यांचे प्रमाण कमी दिसते. परांचीवरून पडलेला गवंडी, माडावरून पडलेला पाडेली, न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी हे लोक मरत नाहीत. ते अंथरुणाला खिळतात. त्यांच्यामागे एक तिसरी यादी असते आणि ती कोणत्याही कचेरीत नसते. मोडलेला हात गावच्या हाडवैद्याकडून बांधून घेतलेला आणि तो वाकडा जुळल्यामुळे कायमचा कामातून गेलेला मजूर, किंवा बापाच्या औषधपाण्यासाठी जमीन गहाण पडल्यावर शाळा सोडलेली मुलगी, यांची नोंद कोण ठेवतो? सरकार केवळ मृत्यूंची यादी पाहून धोरण आखते, तेव्हा या दोन्ही याद्यांतील माणसे त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात.

आणि पहिली यादी तरी पुरी असते काय? २००१ या वर्षातील भाजून झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी १,६३,००० माणसे आगीने मेली. पोलिसांच्या नोंदीच्या सुमारे सहा पट. त्यांपैकी १,०६,००० स्त्रिया होत्या आणि त्यांत १५ ते ३४ वयाच्या तरुण स्त्रियांचा भरणा होता. ज्या स्वयंपाकघरात सासू, जाऊ, सून सगळ्याच वावरतात, तेथील आग तरुण सुनेचीच निवड करते, हे केवळ स्टोव्हच्या दोषाने घडते असे कोणी म्हणेल काय? ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांनी किती पंचनामे मिटविले, हे स्त्रियांच्या चळवळीतील आपल्या भगिनी आपल्याला सांगू शकतील.

म्हणजे प्रश्न येतो तो वर्गाचा आणि सत्तेचा. मरण सर्वांना समान लेखते असे म्हणतात. इजेचे मरण तसे लेखत नाही. देशातील रस्त्यांवर २०२२ मध्ये जे मेले त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. शंभरांतील साठांहून अधिक माणसे अशी की ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नव्हते. मोटारीतील माणसासाठी आपण आठ पदरी रस्ते बांधले. पायी जाणाऱ्यासाठी त्यांच्या कडेला हातभर पदपथही ठेवला नाही. साखरपट्ट्यात गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याविना उभे असतात आणि दुचाकीवरून घरी परतणारा तरुण त्यांच्यावर जाऊन आदळतो. चार रिफ्लेक्टर लावले असते तर हे मरण टळले असते. त्यांची किंमत कोणत्याही कारखान्याला जड नाही.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचेच उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला आग लागून २५ प्रवासी जळून मेले. महिनाभरानेच, ३१ जुलैच्या रात्री, शहापूरजवळ याच महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण चिरडले गेले. त्यांतील बहुतेक दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले कामगार होते. रस्त्याच्या उद्घाटनांची छायाचित्रे आपल्याला आठवतात. या वीस जणांतील एकाचे तरी नाव आठवते काय?

आत्महत्यांविषयी बोलताना आपण नेहमी शेतकऱ्याविषयी बोलतो आणि ते रास्तच आहे. २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी जीवन संपविले. त्यांतील ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातील होते. परंतु त्याच वर्षीच्या देशभरातील आत्महत्यांत रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांहून अधिक होते, याकडे आपलेही लक्ष पुरेसे गेलेले नाही. रोजंदारीच्या मजुरासाठी कर्जमाफीची मागणी होत नाही. त्याला कर्ज देणारी बँकच नसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या सभांतही ऐकू येतो. ‘लोकच बेशिस्त आहेत. हेल्मेट घालत नाहीत, रूळ ओलांडतात, दारात लटकतात. सरकार काय करणार?’ या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मेले. हेल्मेट घातलेच पाहिजे, आणि ते प्रथम आपल्या कार्यकर्त्यांनी घातले पाहिजे. परंतु ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारच्या रुळांवरून दोन लोकल गाड्या जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघे मरण पावले, ते काय हौसेने लटकले होते? ज्याचे घर कामापासून पन्नास किलोमीटरवर आहे आणि ज्याचा अर्ध्या दिवसाचा पगार उशिरामुळे कापला जातो, त्याच्या बेशिस्तीचे मूळ त्याच्या स्वभावात शोधणे हा अन्याय आहे.

इजा हे दैव नव्हे, हे मी केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. त्याचे पुरावे आहेत. कोकणात विंचूदंशाने एके काळी, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात खाटेशेजारी बसून रुग्णांचे निरीक्षण केले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषावर गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. गंभीर दंश झालेल्यांतील ३०-४० टक्क्यांपर्यंतचा मृत्युदर त्यामुळे एक टक्क्याच्या आसपास उतरला. विंचू तेच, कोकण तेच, गरिबी तीच. बदलले ते उपचार.

दुसरा पुरावा शेजारच्या श्रीलंकेचा. १९९५ च्या सुमारास तेथील आत्महत्यांचे प्रमाण जगातील अत्यंत वरच्या प्रमाणांपैकी एक होते. त्या सरकारने अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आले. माणसाच्या मनातील दुःख काही कायद्याने नाहीसे झाले नव्हते. पण निराशेच्या त्या एका घटकेत घरात जहाल विष हाताशी नव्हते, आणि ती घटका टळली की माणूस पुष्कळदा जगतो. आपल्याकडे याच विषांनी २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतांत फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना रुग्णालयात पोहोचविले आणि वीसहून अधिक जणांचे प्राण घेतले. ते मरायला निघाले नव्हते. ते कामावर गेले होते.

सर्पदंशाचेही तेच. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरील लस आपल्या देशात तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती वर्षानुवर्षे बनत आली. तरीही पावसाळ्याच्या रात्री शेतमजुराला प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला ‘पुढे पाठविले’ जाते, आणि तो वाटेत मरतो. मृत्यूचे कारण म्हणून साप लिहिला जातो. त्या वाटेची लांबी लिहिली जात नाही.

मित्रहो, आपल्या स्वतःच्या वागण्याचीही झडती घेतली पाहिजे. अपघात झाला की आपण मोर्चा काढतो, भरपाई मागतो; सरकार मदत जाहीर करते आणि प्रकरण मिटते. या मदतीला शासनाच्या भाषेत ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा! ज्याचा हक्क बुडाला त्याच्यावर कृपा केली जाते आणि आपण ती मिळवून दिल्याचे समाधान मानतो. यंत्राला जाळी का नव्हती, मजुराला कमरपट्टा का नव्हता, विहिरीला कठडा का नव्हता, हे प्रश्न धनादेशाबरोबरच बुडतात. दरम्यान कायदा मात्र आपल्या पायाखालून सरकत असतो. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या दहा कामगारांच्या जागेला कारखाना मानले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती संख्या वीस आहे, आणि निरीक्षकाला तिने ‘सुविधाकार’ही केले आहे. बारा-पंधरा कामगारांच्या शेडमध्ये प्रेसखाली बोटे गमावणारा तरुण या व्याख्येत बसत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मी एकच, अगदी साधे काम सुचवितो. प्रत्येक तालुक्यात आपल्या दोन कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे आणि गावोगावचे आपले सहकारी यांच्याकडून वर्षभर माहिती जमवावी : कोण, कोठे, किती वाजता, कशाने, उपचार किती वेळाने मिळाला, आणि आज त्या घराचे काय चालले आहे. मेलेल्यांबरोबर जायबंदी झालेल्यांचीही नोंद करावी. वर्षअखेर ती वही उघडली की एकच वळण पाच वेळा, एकच कंत्राटदार तीन वेळा, लस नसलेले एकच आरोग्य केंद्र चार वेळा आलेले दिसेल. मग मोर्चा जरूर काढा. पण तो त्या वळणासाठी, त्या कंत्राटदारावर, त्या लशीसाठी असू द्या.

तोवर गावागावांत आणखी एक गोष्ट सांगा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवितात, या भीतीने लोक अजूनही अपघाताभोवती नुसते उभे राहतात. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसाच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. पहिल्या तासात हललेला एक हात पुष्कळदा पुढच्या साऱ्या शस्त्रक्रियांहून मोलाचा ठरतो.

पोलीस ठाण्यातील हवालदार ‘अकस्मात’ लिहितो, कारण त्याच्यासमोरच्या कागदावर तोच मथळा छापलेला असतो. त्याला दोष देऊ नये. त्या मृत्यूचे कारण लिहिणारी दुसरी वही मात्र या राज्यात कोणीतरी ठेवली पाहिजे. ती आपण ठेवावी, एवढेच मला सांगायचे होते.