पुनर्वाचन आणि भारदस्त ग्रंथ
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या खडकीच्या वाचनालयाची देवघेवीची नोंदवही मी नुकतीच चाळली. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही पुस्तके त्याच त्याच घरी पुनःपुन्हा गेलेली आढळली. सार्थ ज्ञानेश्वरीची प्रत मात्र कोरीकरकरीत. यावरून कार्यकारिणीत मतभेद झाला. जुन्या कादंबऱ्यांवर आता पैसा खर्चू नये, वाचकांना भारदस्त ग्रंथांकडे वळवावे, असे काही सभासदांचे म्हणणे पडले. त्यासंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्यातील एक वृद्ध भगिनी ‘श्यामची आई’ दरवर्षी वाचतात. नातवंडे थट्टा करतात, “आजी, शेवट तर तुला पाठ आहे!” असेल. कीर्तनाला जाणाऱ्यास हरिश्चंद्राचे आख्यान ठाऊक नसते काय? ‘स्वामी’ 1962 साली प्रसिद्ध झाली, तेव्हाही थोरले माधवराव ऐन सत्ताविसाव्या वर्षी, 1772 मध्ये, थेऊरला निवर्तणार हे वाचकास पहिले पान उघडण्यापूर्वीच विदित होते. ऐतिहासिक कादंबरीचे पहिले वाचन हेही एका अर्थी पुनर्वाचनच! शेवटाची उत्कंठा उरली नाही म्हणजे मन रमाबाईंच्या एखाद्या मौनापाशीही थांबते. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या मनुष्याने रात्री ओळखीच्या पुस्तकाचा आधार घेतला, तर त्यास आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तथापि ओळखीचेच तेवढे वाचावे, असेही मी म्हणणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) एका तरुणाने आरंभीच मिटून ठेवली. “यात गोष्ट कुठे आहे, गुरुजी?” असे तो मला विचारू लागला. खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलाचे एकटेपण हीच ती गोष्ट, हे कळण्यास थोडा धीर धरावा लागतो. ज्यांच्या घरातून पहिलाच मुलगा महाविद्यालयात जात आहे, अशा आपल्यातील कुटुंबांनी तर तो अवश्य धरावा.

भारदस्तपणाचा हा धाक बहुतांशी ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ या प्रश्नातून उपजतो, असे माझे मत आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आज अभ्यासक्रमातील अवघड ग्रंथ मानली जाते. परंतु ती प्रथम ‘करमणूक’ नावाच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती. पत्राचे नावच पाहा! यमूची ती करुण कहाणी त्या काळच्या घरांनी परीक्षेसाठी खचित वाचली नसेल.

आणि ज्ञानेश्वरी? तिची रचना 1290 सालची. ओव्या सुमारे नऊ हजार. भाषा इतकी जुनी की एकनाथमहाराजांना 1584 साली पाठशुद्धी करावी लागली. असा हा ग्रंथ वारकऱ्यांच्या घरोघरी पारायणात वर्षानुवर्षे वाचला जातो, आणि वाचणारे सगळेच काही पंडित नसतात. या वर्षी न उमगलेली ओवी पुढल्या वर्षी उमगेल, हा विश्वास पारायणात असतो. म्हणजे ज्या ग्रंथाची आपणांस सर्वांत अधिक धास्ती, तोच महाराष्ट्रात सर्वांत अधिक वेळा पुन्हा वाचला गेलेला ग्रंथ असावा, असे मला वाटते. मग कार्यकारिणीतील हा वाद कशासाठी?

माझी सूचना साधी आहे. ज्ञानेश्वरीस हात घालताना अठराशेंवर ओव्यांच्या अठराव्या अध्यायाकडे पाहून दडपू नये. बारावा अध्याय अडीचशेच्या आत आहे. विषय भक्तीचा, दृष्टांत घरगुती. दर शनिवारी सायंकाळी वाचनालयात तो मोठ्याने वाचावा, प्रथम ओवी, मग अर्थ, एका वेळी पंचवीसच. मी वाचावयास तयार आहे. ज्या वडीलधाऱ्यांना ओव्या मुखोद्गत आहेत, त्यांनी शेजारी बसावे. उच्चार त्यांच्याकडून शिकता येतील.

आणि ‘श्यामची आई’च्या दोन नव्या प्रती याच महिन्यात घ्याव्यात. आपल्या प्रतीची शेवटची पाने गळाली आहेत. ती त्या भगिनींना पाठ आहेत, इतरांना नाहीत.