पडलेल्या गोलंदाजाला उभं कोण करतं?

(शिरूर अनंतपाळ येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रिकेटच्या सिनेमाचं बायकांच्या मेळाव्यात काय काम, असं काहीजणींना वाटेल. पण हे सिनेमे आपण घरोघर टीव्हीवर पाहतो, हसतो, डोळे पुसतो. त्यांत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. एके काळचा चांगला खेळाडू, आता दारुडा. त्याच्याविषयी आज बोलायचं आहे.

२००५ सालचा नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल' आठवा. ऐकू-बोलू न शकणाऱ्या खेड्यातल्या पोराला वेगवान गोलंदाज व्हायचंय. म्हशींना त्यानं क्रिकेटपटूंची नावं ठेवलीत. त्याला शिकवणारा मोहित दारूत बुडालेला. नसीरुद्दीन शाह यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो झोकांड्या खातो, आपण हसतो. पण धाकटी खदिजा पाहा. भावाच्या खुणा जगाला समजावून सांगते ती, त्याच्यासाठी भांडते ती. बाप खेळाच्या विरोधात असताना आई पाठीशी राहते. शेवटी मोहित माणसात येतो, इक्बाल मोठा होतो. खदिजाला स्वतःला काय व्हायचं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेतही तेच. तिकडं चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडायचा खेळ आहे. त्यावरच्या १९९६ सालच्या 'किंगपिन' या विनोदी सिनेमात हात गमावलेला, दारूला लागलेला खेळाडू एका भोळ्या तरुणाच्या आधारानं पुन्हा उभा राहतो. त्यांच्याबरोबर क्लॉडिया असते, मारकुट्या प्रियकराला सोडून आलेली. तिच्या माराकडं सिनेमा जाता जाता बघतो.

पडद्यावरच्या झोकांड्यांना हसू येतं. घरात येत नाही. खुरपणीची मजुरी कुठं गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर महाराष्ट्रात गावोगाव बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. माणूस सुधारला तर आनंदच आहे. पण त्याला सावरायचं काम दर वेळी बायको, बहीण, लेक यांच्याच वाट्याला का?

२०२३ सालचा आर. बाल्कींचा 'घूमर' एक पाऊल पुढं गेला. इथं खेळाडूच मुलगी आहे. अनीनाची भारतीय संघात फलंदाज म्हणून निवड होते, आणि अपघातात उजवा हात जातो. मग ती डाव्या हातानं फिरकी शिकते. ही भूमिका नाशिकच्या सैयामी खेरनं केली. आजी शबाना आझमी, नातीच्या खेळातलं सगळं कळणारी. असं घर पाहून बरं वाटलं. पण शिकवणारा पुन्हा दारुडाच, आणि अपमान करून शिकवणारा. लेकीला वाटेल तसं बोललं की ती घडते, हे मला पटत नाही.

खऱ्या मुली कशा घडल्या? भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली, संघ तीनच. डायना एदलजींसारख्या गोलंदाज त्या काळातल्या. पैसा नव्हता, आरक्षणाशिवाय रेल्वेप्रवास करून मुली खेळायला जायच्या. २००६ साली महिला क्रिकेट नियामक मंडळाकडं आलं. पुरुषांइतकं सामन्याचं मानधन २०२२ साली जाहीर झालं. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले.

त्या रात्री आपण फटाके उडवले असतील. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर किती मुली होत्या? आपापल्या गावात जाऊन बघा, संध्याकाळी मैदान कुणाच्या ताब्यात असतं. येत्या महिला ग्रामसभेत मागणी करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान फक्त मुलींना. सोबत एक शिकवणारी बाई, किंवा शुद्धीत असलेला बाप्या. बॅट-चेंडूची वर्गणी आपण बचत गटातून काढू. आणि त्या वेळेत लेकीला पाण्याला, धुण्याला धाडायचं नाही, हे आजच ठरवू या.