सुयुक : कोरियन घरांतलें उकडलेलें मांस

औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, खाद्यकीर्तीविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं नान-खलियाचें नांव प्रथम ओठांवर येतें. भल्यामोठ्या देगेंत, दाट मसाल्याच्या रश्शांत तासन् तास शिजणारें तें मांस. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास देवगिरीस दौलताबाद करून राजधानी आणिली, तेव्हां लष्कराबरोबर हा प्रकार आला अशी आख्यायिका आहे. अशा गांवीं ‘मांस म्हणजे मसाला’ हें समीकरण रूढ व्हावें यांत नवल नाहीं. परंतु याच शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत, ह्योसंग या कोरियन कंपनीचा ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्या निमित्तानें कोरियन माणसें शहरांत वावरूं लागलीं. त्यांच्या देशांत घरोघर होणारा एक मांसाचा प्रकार मसाल्यावांचून, केवळ पाण्यांत शिजतो. त्यास सुयुक म्हणतात. आजचें भाषण त्या पदार्थासंबंधीं आहे.

‘सुयुक’ या शब्दाचा मूळ चिनी घडणीचा अर्थ ‘शिजविलेलें मांस’ एवढाच. बहुधा तें डुकराचें असतें. तेंच मांस पानांत गुंडाळून खाल्लें म्हणजे त्यास ‘बोस्साम’ म्हणतात. या पदार्थाचें खरें माहेर म्हणजे किमजांगचा दिवस. हिवाळ्याच्या तोंडाशीं कोरियन कुटुंबें सबंध ऋतूची किमची, म्हणजे कोबीचें तिखट, आंबवलेलें लोणचें, एकदम घालून ठेवितात. युनेस्कोनें २०१३ सालीं ही चाल जगाच्या सांस्कृतिक वारशांत नोंदली. आपल्याकडे उन्हाळ्यांत पापड-कुरडयांना जशा आळीतल्या शेजारणी पोळपाट-लाटणें घेऊन येतात, तशाच तेथें बायका एकमेकींकडे जमतात. ज्या घरीं काम, त्या घरीं चुलीवर सुयुकचें पातेलें चढतें. हात लाल झालेल्या त्या बायकांनीं ताजी किमची आणि गरम मांसाची चकती एकत्र खावी, हाच त्या दिवसाचा मोबदला.

आतां कृति. चरबी व मांस यांचे थर एकाआड एक असलेला पोटाकडील तुकडा एक किलोचा घ्यावा. तो अर्धा तास थंड पाण्यांत ठेवून रक्त काढून टाकावें. निराळ्या पातेल्यांत तुकडा बुडेल इतकें पाणी उकळून त्यांत एक कांदा, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, दहा-बारा मिरे व तमालपत्र टाकावें. कोरियन गृहिणी यांत चमचाभर द्वेनजांगहि विरघळवते. द्वेनजांग म्हणजे सोयाबीन उकडून, कुटून, त्याच्या विटा तांदळाच्या पेंढ्यानें बांधून टांगतात, त्या आंबल्या म्हणजे मिठाच्या पाण्यांत घालितात, आणि पाणी निथळून उरलेला लगदा मुरवितात, तो. लातूर, हिंगोलीकडे शेतेंच्या शेतें सोयाबीनचीं. परंतु आपलें सोयाबीन तेलाच्या घाण्याकडे जातें, स्वयंपाकघरांत त्याला असें मानाचें स्थान नाहीं. कोणी उद्योगी स्त्रीनें हा प्रयोग मराठवाड्यांत करून पाहावयास हरकत नसावी. द्वेनजांग न मिळाल्यास चमचाभर कॉफीची पूड टाकितात. ऐकून हसूं येईल, पण कोरियांतहि ही युक्ति सर्रास चालते. तिनें उग्र वास मोडतो व मांसास रंग येतो.

उकळत्या पाण्यांत मांस सोडल्यावर पहिलीं दहा मिनिटें झांकण ठेवूं नये. वास वाफेबरोबर जाऊं द्यावा. वर येणारा फेस काढावा. मग आंच मंद करून, झांकण अर्धवट ठेवून, पाऊण तास ते एक तास शिजूं द्यावें. कुकर वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. कुकरांत वेळ वांचतो खरा, पण चरबी फुटते, चकत्या पडत नाहींत, आणि चकत्या नाहींत तर सुयुक नाहीं. शिजल्यावर दहा मिनिटें त्याच पाण्यांत राहूं द्यावें व नंतर धाग्यांच्या आडव्या दिशेनें पातळ चकत्या कापाव्यात.

या साधेपणांत एक गोष्ट मात्र साधी नाहीं. डुकराच्या मांसांत फीतकृमीचीं पिलें असूं शकतात. मांस अर्धेंकच्चें राहिल्यास तो कृमि माणसाच्या आंतड्यांत वाढतो. म्हणून तुकड्याच्या गाभ्याचें उष्णमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेंच पाहिजे. उष्णतामापक नसेल तर सुई खोल टोचून पाहावी. पाणी स्वच्छ आलें, गुलाबी आलें नाहीं, तरच पातेलें उतरावें. परंतु पुष्कळांस ठाऊक नसलेला दुसरा धोका पानांत आहे. या कृमीचीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून बाहेर पडतात व सांडपाण्यावर वाढविलेल्या भाजीबरोबर किंवा न धुतलेल्या हातांनीं पोटांत जातात. तीं मेंदूंत गेलीं म्हणजे गांठी धरतात आणि मनुष्यास फेंफरें येऊं लागतें. अपस्माराचें हें कारण आपल्या देशांत मुळींच दुर्मिळ नाहीं, आणि ज्यानें जन्मांत डुकराचें मांस खाल्लें नाहीं त्यासहि तें गांठतें. तेव्हां मांस उत्तम शिजवून कच्चें पान तसेंच गुंडाळणें म्हणजे पुढचें दार लावून मागचें उघडें टाकणें होय. कोरियन लोक कोबीचीं पानें वाफवूनहि गुंडाळावयास घेतात. आपल्याकडे तोच मार्ग उत्तम.

तोंडीं लावावयास खारवून मुरविलेली बारीक कोळंबी असते. तिनें हें मांस पचतें असा तिकडील समज आहे. कोंकणचा सुका जवळा तिचा भाऊबंद खरा, पण तिची जागा तो घेऊं शकत नाहीं. किमचीऐवजीं मुळ्याचे पातळ काप मीठ लावून पिळावेत व त्यांस लाल तिखट, लसूण, साखर आणि थोडा शिरका चोळावा. मिरची कोरियांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोंचली असें बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनीं आणिली. म्हणजे दोन्ही देशांचें तिखट अमेरिकेचेंच.

राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. या शहरांत मुसलमान वस्ती मोठी, आणि त्यांस हें मांस धर्मानें निषिद्ध. अनेक हिंदु घरांतहि तें वर्ज्य. खुद्द कोरियांतील बौद्ध मठांत तर मांसच काय, कांदा-लसूणहि चालत नाहीं, आणि वेरूळ-अजिंठ्यास येणाऱ्या कोरियन यात्रेकरूंत तो नियम पाळणारे भिक्षु असतात. ज्यास खावयाचें त्यानें भांडें व सुरी निराळीं ठेवावीं, पाहुण्यास पदार्थाचें नांव आधीं सांगावें, आणि परक्याच्या ताटांत न विचारतां वाढूं नये. उलट, गोमंतकांत सोरपोतेल करतांनाहि मांस प्रथम उकडूनच घेतात. तेव्हां हें खाणारे सारे परदेशचे, असें समजून भाडेकरूकडे संशयानें पाहणेंहि योग्य नव्हे.

उरलेल्या चकत्या गार झाल्या म्हणजे चरबी थिजून पांढरी दिसते. त्या तळूं नयेत, वाफेवर धराव्यात. किमची जुनी व आंबट झालेली असेल तर तिच्याबरोबर त्याच चकत्यांचें कालवण दुसऱ्या दिवशीं भातावर घेतात, आणि पुष्कळ कोरियन घरांतील मुलें या दुसऱ्या दिवसाचीच वाट पाहत असतात.