कोनाड्यातली उरलेली गोळी

(अकलूज येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव सोडून हा आज दवाखान्याचं काय सांगत बसलाय, असं काही जणांना वाटेल. माझं शिक्षण शेतीचं, डॉक्टरकीचं नाही. कोणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरनं तपासून सांगायचं. पण डॉक्टरनं लिहून दिलेली अँटिबायोटिकची गोळी घरी आल्यावर तिचं काय करायचं, हे आपल्या हातात असतं. आणि हा विषय कापूस पिकवणाऱ्याला जितका चटकन कळेल तितका शहरातल्या शिकलेल्या माणसालाही कळणार नाही. कारण त्याची किंमत आपण दोनदा मोजलेली आहे.

आठवून पाहा. ऐंशीच्या दशकात सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट ही औषधं आली. सुरुवातीला एका फवारणीत अळी खाली पडायची. मग काय विचारता! अळी दिसो न दिसो, पंप पाठीवर. कधी डोस कमी, कधी दुप्पट, आणि दरवेळी तेच औषध. 1987 साली आंध्रात हिरवी बोंडअळी या औषधांना दाद देईना आणि कापसाचं पीक झोपलं. पुढे 2002 मध्ये बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा बीटी आला, आणि 2017 साली आपल्या महाराष्ट्रातच गुलाबी बोंडअळीनं त्या बीटीची बोंडं पोखरली. दुकानदारानं भेसळ केली म्हणून हे झालं नाही. अळीच बदलली होती. शंभरातल्या नव्याण्णव मेल्या, जी वाचली तिचीच पिलावळ वाढली, आणि ती काही आपल्या बांधावर थांबली नाही.

अंगातले जंतू याच वाटेनं जातात. फरक इतकाच की अळीची पिढी साधारण महिन्याची, आणि काही जंतूंची पिढी सोयीची परिस्थिती मिळाली तर वीस-तीस मिनिटांची. म्हणजे बोंडअळीनं जे दहा-पंधरा वर्षांत केलं, ते जंतू फार लवकर करतो.

क्षयाचंच घ्या. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते 1943 साली अमेरिकेत सापडलं, आणि कुठं सापडलं तर भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवात. पण ते एकटं दिलं तर काही महिन्यांतच जंतू दाद देईनासे होतात, हे 1948 साली इंग्लंडातल्या चाचणीतच दिसलं. म्हणून क्षयाला एका वेळी तीन-चार औषधं देतात आणि ती कित्येक महिने चालतात. आता यात दोष नेहमी रोग्याचाच असतो असं नाही, हेही बोलायला पाहिजे. मुंबईत धारावी भागातल्या 100 खासगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार लिहायला सांगितला, तर त्यांनी 80 प्रकारचे उपचार लिहिले. हे 1991 साली छापून आलं. वीस वर्षांनी पुन्हा 106 जणांना विचारलं, तर बरोबर लिहिणारे निघाले सहा! आणि 2012 च्या सुरुवातीला मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयातले असे क्षयरोगी जगापुढे आले, की ज्यांच्यावर तपासून पाहिलेलं एकही औषध चालेना. शेजाऱ्याला तसला जंतू लागला तर त्याला पहिल्या दिवसापासून औषध लागू पडणार नाही, जरी त्यानं आयुष्यात एक गोळी खाल्ली नसली तरी.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. कापसाच्या करप्याला आणि सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या तेल्याला जे स्ट्रेप्टोसायक्लिन आपण पंपात घातलं, त्यात हेच स्ट्रेप्टोमायसिन आहे, आणि टेट्रासायक्लिनही. पिकांवर त्याचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये काढला. सरकारच्या बंद्यांवर आपण नेहमी टीका करतो. या वेळी मला ती करता येत नाही.

आता घरात या. कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागे अर्धा पत्ता उरलेला असतो. ताप उतरला, काम पडलं, उरलेल्या गोळ्या राहिल्या. पुढे सुनेला खोकला झाला की त्यातल्या दोन तिला, शेळी हगली की एक शेळीला. पहिल्याचा उपचार अर्धा राहिला आणि दुसऱ्याला नको ते औषध गेलं. सर्दी, पडसं, फ्लू आणि बरीचशी घसादुखी विषाणूंनी होते. त्यावर अँटिबायोटिक म्हणजे अळी मारायला तणनाशक फवारणं. अळी मरत नाही, पीक मात्र होरपळतं. पोटातही क्रायसोपासारखे आपले मित्र जंतू असतात, ते मरतात आणि जुलाब लागतात.

अर्धा पत्ता का उरतो किंवा अर्धाच का घेतला जातो, हे मला माहीत आहे. रोज बुडवून एसटीनं यायचं, डॉक्टरची फी द्यायची, मग मेडिकलवाल्यापुढे पैसे मोजून म्हणायचं, ‘दोनच दिवसांच्या द्या.’ मायबहिणींनो, यात लाज नाही. पण ही गोष्ट मेडिकलवाल्याला नाही, चिठ्ठी लिहायच्या आधी डॉक्टरला सांगा. ‘साहेब, एवढेच पैसे आहेत, स्वस्तातलं जेनेरिक लिहा आणि किती दिवस घ्यायचं ते नीट सांगा.’ क्षयाचं औषध तर सरकारी दवाखान्यात फुकट आहे. त्याच वेळी डॉक्टरला हेही सांगा: पूर्वी पेनिसिलिननं किंवा कोणत्या गोळीनं अंगावर गांधी उठल्या होत्या का, पोटुशी आहे का, बाळ अंगावर पितं का, साखरेची, रक्तदाबाची, फिटची कोणती औषधं चालू आहेत. गोळी घेतल्यावर ओठ-तोंड सुजलं, श्वास लागला, तर पुढची गोळी नाही आणि सकाळची वाट पाहणं नाही. मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. सकाळी दोन आणि रात्री एक असं नव्हे. एखादी राहिली तर आठवल्यावर घ्यावी. पुढचीची वेळ झालीच असेल तर राहिलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोळ्या दुधाबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर, पित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेतल्या तर अंगाला पुरेशा लागत नाहीत. मध्ये किती तास ठेवायचे ते विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननळी भाजते. ती चालू असताना उन्हानं कातडी लवकर करपते. खुरपायला जाणं टळत नसेल तर अंगभर कपडा आणि डोक्याला पटका. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नाही. इथं हसू आलं काही जणांना, पण उलट्यांनी हैराण व्हाल.

गोळ्या किती दिवस? डॉक्टर सांगेल तितके. काही आजारांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात हे आता कळलंय, म्हणून आपल्या मनानं जास्त दिवस खाणं हेही शहाणपण नाही. कमी करायचे असतील तरी विचारूनच. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत जायचं, दुसऱ्या दुकानातून ‘पावरची’ आणायची नाही.

पत्त्यावर उभी लाल रेघ दिसली की समजा, हे चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही. ती 2016 पासून ओळखीची खूण आहे. आणि 1 मार्च 2014 पासून काही औषधांची, त्यात बरीच अँटिबायोटिक आहेत, मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते: डॉक्टर कोण, रोगी कोण, किती दिलं. तो म्हणाला ‘चिठ्ठी लागत नाही’, तर तो उपकार करत नाहीये.

लेकरांच्या पुडीच्या औषधात उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घाला, दरवेळी हलवा, घरच्या चमच्याऐवजी बाटलीबरोबरचं माप वापरा. पाणी घातल्यावर ते बहुधा आठवडाभरच चालतं. किती दिवस ते बाटलीवर छापलेलं असतं. गायीच्या दगडीला सडात औषध सोडलं असेल तर डॉक्टर सांगेल तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका आणि घरातही पिऊ नका.

कोणाकडे चिठ्ठ्या असतील आणि वाचता येत नसतील तर जेवणाच्या सुटीत घेऊन या, किती वेळा आणि किती दिवस एवढं वाचून दाखवू. आता पुढचा विषय कापूस खरेदीचा.