डब्यातली सदाफुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बागेविषयी चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी संकोचले. माझी बाग म्हणजे गच्चीवरच्या अकरा कुंड्या आणि दोन गंजके डबे. परंतु त्या डब्यांनीच मला एक धडा दिला; तोच आज आपल्यापुढे मांडते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो होतो. तेथे एका अंगणात पाच पाकळ्यांची जांभळट फुले पाहिली. जिरेनियम त्यांचे नाव. पाकळ्या गळल्यावर जे फळ राहते ते करकोच्याच्या चोचीसारखे लांब असते, आणि ग्रीक भाषेतल्या करकोच्याच्या नावावरूनच या झाडाचे नाव पडले आहे. हिवाळ्यात बर्फाखाली त्याची पाने जातात, पण मुळे जगतात आणि उन्हे आली की पुन्हा फुटतात. घरच्या बाईंनी मोठ्या मायेने एक रोप मुळासकट काढून दिले. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ते सोलापूरला आणले.

इथे पारा बेचाळीसवर गेलेला! रोपाने मान टाकली की मी तांब्याभर पाणी ओतायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नळाला पाणी यायचे चार-पाच दिवसांनी; म्हणजे पिण्याच्या हंड्यातलेच पाणी मी त्याला घालत होते. दहाव्या दिवशी रोप मुळाशी सडले. तोवर गप्प राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी घातलंस, पण थंडी कुठनं घालणार होतीस? आणि हिला बघ की, चार दिवसांनी एक तांब्या देते मी." त्यांनी बोट दाखवले ते तुपाच्या जुन्या डब्यातल्या सदाफुलीकडे. तीही पाच पाकळ्यांची, तीही जांभळट. आणि भर उन्हात फुललेली!

भगिनींनो, आपल्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात. नळाचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनीहून येते. अशा गावात काय लावावे, हा नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. सदाफुलीही मूळची इथली नव्हे. ती मादागास्कर बेटावरची. पण सासरी रुळलेल्या सुनेसारखी ती आपल्या मातीत रुळली आहे.

आता तिच्या निगेविषयी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि सदाफुली मरते ती तहानेने कमी, साचलेल्या पाण्याने जास्त. म्हणून कुंडीत एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत घालावे. डब्याला तळाशी भोके हवीतच. मृगाच्या सुमारास बी पेरावे. बी काळे, बारीक असते; त्याला अंधार लागतो, म्हणून वर चिमूटभर माती पसरावी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. वरची माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी द्यावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे मात्र नको. गड्ड्याची जत्रा उरकून थंडी सरली की कात्रीने तिसरा हिस्सा छाटून टाकावा. झाड पुन्हा कोवळे होते. शेंगा पिवळ्या पडल्या की तडकण्यापूर्वीच काढून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मधुमेहावर म्हणून सदाफुलीची पाने चावून खाणाऱ्या बायका आपल्या ओळखीत आहेत. कृपा करून असे करू नका. हे झाड विषारी आहे. मधुमेहाचे औषध शोधतानाच कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना दिसले की, या पानांच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यातून 1958 साली त्यांनी व्हिनब्लास्टिन जगापुढे ठेवले. याच झाडातून पुढे व्हिनक्रिस्टिन मिळाले, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. पण ते डॉक्टरांच्या हातून, थेंबाथेंबाच्या मापाने. आपण फूल देवाला वाहावे, झाड डोळ्यांनी पाहावे, आणि लहानग्यांना त्याची पाने तोंडात घालू देऊ नयेत.

सासूबाई आता नाहीत. त्यांचा डबा गंजून फुटला, पण त्याच झाडाच्या बियांची रोपे आजही माझ्या गच्चीवर आहेत. काश्मीरचे फूल काश्मीरला जाऊन पाहावे. दारात मात्र आपल्या पाण्याला परवडेल तेच लावावे, एवढेच मी त्यांच्याकडून शिकले. येताना बियांच्या चाळीस पुड्या बांधून आणल्या आहेत. जाताना प्रत्येकीने एक न्यावी, आणि पुढच्या वर्धापनदिनाला आपल्या झाडाची एक पुडी शेजारणीसाठी घेऊन यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.